लाडक्या गाडीचा हिवाळा

आपल्याकडील मोटारीला खरा ऋतु एकच ठाऊक असतो, आणि तो म्हणजे पावसाळा. मृगाच्या आधीं आपण वायपरचीं रबरें बदलतों, ब्रेक पाहून घेतों, दारांच्या फटींतून पाणी आंत येत नाहीं ना याची खात्री करून घेतों. आणि एकदां नवरात्र आलें, कीं गाडीची विशेष चिंता करण्याचें कारण उरत नाहीं. पुण्यानाशिकाकडची थंडी माणसाला शाल पांघरावयास लावते, परंतु मोटारीला ती सुखाचीच जाते. तेव्हां हिवाळ्यासाठीं गाडी तयार करणें हा आजचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांना थोडें हंसूं आलें असल्यास नवल नाहीं.

परंतु हा विषय वाटतो तितका आपल्या घरापासून दूर राहिलेला नाहीं. आज शहरांतील किती तरी मराठी घरांतील मुलगे, मुली, जांवई आणि सुना कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत नोकरीनिमित्त राहत आहेत. तेथें त्यांनीं हौसेनें घेतलेली पहिली गाडी ही त्यांच्या संसारांतील मोठी जिव्हाळ्याची वस्तु असते. तिचें छायाचित्र आजीआजोबांना पहिल्याच दिवशीं येतें. दुसरी गोष्ट अशी, कीं ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांग खिंडीखालचा सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. त्यापूर्वीं हिवाळ्यांत कित्येक महिने ज्याची वाट बंद असे, तें लाहौलचें खोरें आतां मनालीहून गांठतां येतें, आणि बर्फ पाहण्याच्या हौसेनें आपल्याकडील कुटुंबेंहि तेथवर गाडीनें जातात. तेव्हां थंड प्रदेशांत गाडी कशी जपावी आणि गाडीनें आपल्याला कसें जपावें, याचा थोडा विचार करणें आपल्याहि हिताचें आहे.

उदाहरणासाठीं मीं कॅनडांतील मॉन्ट्रियल हें शहर घेतलें आहे. या शहरीं एका हिवाळ्यांत सरासरीनें सुमारें दोन मीटर बर्फ पडतो. जानेवारींत पारा शून्याखालीं २० अंशांपर्यंत उतरणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. माझ्या भाषणांतील सर्व अंश सेंटिग्रेडचे आहेत, हें येथेंच सांगून ठेवतों. पुष्कळ लोकांना स्वतःचें मोटारघर नसतें, त्यामुळें गाडी रात्रंदिवस रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी असते. मोठा बर्फ पडून गेला, कीं तो उचलून नेण्याचें काम सुरू होतें. नारिंगी रंगाचे फलक लागतात, प्रचंड यंत्रें येतात, आणि ज्या बाजूचा बर्फ उचलावयाचा त्या बाजूला कोणाची गाडी राहिलीच, तर गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकाचा भोंगा गल्लींत घुमूं लागतो. अशा वेळीं, मग ती रात्र असो कीं पहांट असो, मालकाला खालीं धांवत जाऊन गाडी हलवावी लागते. आणि नेमक्या त्या क्षणीं गाडी सुरू झाली पाहिजे! हिवाळ्याच्या तयारीची आवश्यकता कळण्यास एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

थंडी मोटारीवर तीन प्रकारांनीं आघात करते. एक तर ती द्रव पदार्थांना घट्ट करते किंवा गोठवते. दुसरें असें, कीं ती रबराला कठीण करते आणि टायरांतील हवेला आकुंचित करते. तिसरें म्हणजे ती रासायनिक क्रियांना मंद करते. आणि बॅटरी ही तर सारी रासायनिक क्रियाच होय. चौथा आघात थंडीचा नसून माणसाचा आहे, व तो म्हणजे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर पसरलेलें मीठ. हे चार शत्रु ध्यानांत ठेवले, म्हणजे तयारीचा सारा क्रम आपोआप उलगडतो.

प्रथम टायरांचा विचार करूं. आपण नेहमीं वापरतों त्या टायरांचें रबर उष्ण रस्त्यासाठीं बनवलेलें असतें. हवा सुमारें ७ अंशांच्या खालीं गेली, कीं तें ताठर होऊं लागतें आणि रस्त्यावरची त्याची पकड सुटूं लागते. बर्फ पडलेला असो वा नसो, कोरड्या रस्त्यावरहि हें घडतें. हिवाळी टायरांचें रबर थंडींतहि मऊ राहील अशा मिश्रणाचें असतें, आणि त्याच्या पृष्ठभागावर सुरीनें घातल्यासारख्या शेंकडों बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. क्वेबेक प्रांतानें २००८ सालीं असे टायर कायद्यानें आवश्यक केले. आरंभीं ही सक्ति १५ डिसेंबरपासून होती. २०१९ सालापासून ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी झाली आहे. खरा हिवाळी टायर ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याच्या अंगावर तीन शिखरांच्या डोंगराची आकृति आणि त्या आकृतींत एक हिमकण कोरलेला असतो.

या बाबतींत दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. पहिला असा, कीं जीं दोन चाकें गाडीला ओढतात तेवढ्यांनाच हिवाळी टायर बसवले, म्हणजे अर्ध्या पैशांत काम झालें. हें धोक्याचें आहे. पुढचीं चाकें रस्त्याला धरून राहतात, मागचीं घसरतात, आणि वळणावर गाडी स्वतःभोंवतीं फिरते. टायर बदलावयाचे ते चारहि बदलावे. दुसरा गैरसमज असा, कीं चारहि चाकांना शक्ति पुरवणारी गाडी असली, म्हणजे साध्या टायरांवर भागतें. चारहि चाकें फिरवणारें यंत्र गाडीला जागेवरून हलण्यास मदत करतें. थांबण्यास तें कांहींएक मदत करीत नाहीं. गुळगुळीत बर्फावर गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागूं शकतें, आणि तें अंतर कमी करण्याचें सामर्थ्य टायरांत आहे, इंजिनांत नाहीं. टायर झिजलेला असेल, तर चिराहि झिजून गेलेल्या असतात. म्हणून खांचांची खोली सुमारें ४ मिलिमीटरपर्यंत उतरली, कीं तो टायर बर्फाच्या रस्त्याला निरुपयोगी समजावा.

टायरांतील हवेचेंहि तसेंच आहे. तपमान साधारण साडेपांच अंशांनीं उतरलें, कीं दाब सुमारें एक पौंडानें घटतो. सप्टेंबरांत २० अंश असतांना बरोबर भरलेली हवा जानेवारींत शून्याखालीं २० अंशांवर सहा-सात पौंडांनीं कमी भरते. आणि टायराला भोंक पडलें असावें, अशा समजुतीनें नवखा मालक उगाच हैराण होतो. महिन्यांतून एकदां, गाडी थंड असतांना, दाब मोजून घ्यावा, म्हणजे झालें.

टायर केव्हां बदलावे? जर्मन लोकांनीं यासाठीं एक सोपें सूत्र करून ठेवलें आहे: ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत. आपल्या मराठी कुटुंबांसाठीं मी याहूनहि सोपें सूत्र सुचवतों: दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत. परदेशांतहि आपले लोक दसऱ्याला गाडी धुवून तिला झेंडूची माळ घालतात. त्याच दिवशीं टायरवाल्याला दूरध्वनि करून दिवस नेमून घ्यावा. पहिला बर्फ पडल्यावर साऱ्या शहराला टायरांची एकदम आठवण होते, आणि मग कारखान्यांतून आठवडा आठवडा पाळी येत नाहीं.

आतां बॅटरीकडे वळूं. शिसें आणि गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लान्ते या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली, आणि आजहि बहुतेक मोटारी तिच्याच वंशजाच्या बळावर सुरू होतात. शून्याखालीं १८ अंशांवर ही बॅटरी आपल्या उन्हाळ्यांतील शक्तीच्या जवळ जवळ निम्मीच शक्ति देऊं शकते. दुर्दैव असें, कीं नेमक्या त्याच वेळीं तेल घट्ट झाल्यामुळें इंजिन फिरवण्यास अधिक शक्ति लागते. उत्पन्न निम्म्यावर आलें असतां खर्च वाढावा, तशी ही स्थिति होते. म्हणून उन्हाळाभर कुरकुर न करणारी चार-पांच वर्षांची बॅटरी पहिल्या कडाक्याच्या सकाळीं एकाएकीं मान टाकते. ऑक्टोबरांतच तिची तपासणी करून घ्यावी. स्वस्थ उभ्या गाडींत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखवते. तिच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी घांसून काढावी आणि तारा घट्ट आवळाव्या.

बॅटरी नेहमीं भरलेली ठेवण्याचें आणखीहि एक कारण आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरींतील आम्ल शून्याखालीं ५० अंशांवरहि गोठत नाहीं. परंतु ती रिकामी झाली, कीं त्यांत बहुतेक पाणीच उरतें आणि तें शून्याखालीं ७ ते १० अंशांवरच गोठूं शकतें. गोठलेल्या बॅटरीला कधींहि वीज भरूं नये. ती फुटून आम्ल अंगावर उडण्याचा संभव असतो. शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घेण्याची वेळ आलीच, तर तांबडी तार प्रथम आपल्या मृत बॅटरीच्या धन टोकाला, मग शेजाऱ्याच्या धन टोकाला जोडावी. काळी तार त्याच्या ऋण टोकाला लावून तिचें दुसरें टोंक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावें. शेवटचें टोंक जोडतांना ठिणगी उडते, आणि बॅटरीभोंवतीं ज्वालाग्राही वायु असूं शकतो. म्हणून हा क्रम सांभाळावयाचा.

इंजिनाच्या तेलाविषयीं थोडक्यांत सांगतों. तेलाच्या डब्यावर एक आंकडा, मग डब्ल्यू हें अक्षर आणि पुन्हां एक आंकडा असतो. हें डब्ल्यू हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तें तेल थंडींत अधिक पातळ राहतें. दहाच्या आंकड्याच्या तेलाची थंडींतील परीक्षा शून्याखालीं २५ अंशांवर होते, पांचाच्या तेलाची ३० अंशांवर, आणि शून्याच्या तेलाची ३५ अंशांवर. गाडीच्या पुस्तिकेंत जें तेल सांगितलें असेल तेंच घालावें. परंतु पुस्तिकेनें दोहोंची मुभा दिली असेल, तर हिवाळ्यासाठीं लहान आंकडा पसंत करावा.

कॅनडाच्या मध्यभागांतील विनिपेग किंवा सॅस्कटून येथें थंडी याहूनहि कडक. तेथें गाडीच्या तोंडाशीं एक विजेची तार लोंबतांना दिसते, आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागीं खांबाखांबांवर विजेचे प्लग असतात. परक्या माणसाला वाटतें, कीं साऱ्याच गाड्या विजेच्या झाल्या. वास्तविक ती तार इंजिनांत बसवलेल्या एका लहानशा हीटरची असते. नॉर्थ डाकोटांतील अँड्र्यू फ्रीमन या गृहस्थांना अशा हीटरचें पेटंट १९४९ सालीं मिळालें. तो रात्रभर चालू ठेवण्याची जरूरी नाहीं. निघण्याच्या आधीं तीन-चार तास पुरतात, आणि घड्याळाची कळ लावली, कीं विजेचा खर्चहि वांचतो.

यानंतर इंजिन थंड राखणारें पाणी. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्क्यांनीं फुगतें, आणि त्या फुगण्यापुढें इंजिनाचें ओतीव लोखंडहि टिकत नाहीं. मोटारीच्या आरंभींच्या काळांत लोक रात्रीं रेडिएटरमधील पाणी काढून टाकीत आणि सकाळीं ऊन पाणी भरीत. पुढें त्यांत मद्यार्क मिसळण्याची रीत पडली, परंतु इंजिन तापलें, कीं तो उडून जाई. आतां यासाठीं एथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव वापरतात. यांत एक मौज आहे. निव्वळ ग्लायकॉल शून्याखालीं १३ अंशांच्या सुमारास गोठतें, पाणी शून्यावर गोठतें. परंतु दोन्ही निम्मेंनिम्म मिसळलीं, कीं तें मिश्रण शून्याखालीं ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. म्हणजे अधिक ग्लायकॉल ओतलें, कीं अधिक संरक्षण मिळेल हा हिशेब चुकीचा. घरांत मुलें किंवा पाळींव जनावरें असल्यास विशेष सावध राहावें, कारण हा द्रव चवीला गोड आणि परिणामीं घोर विषारी आहे. सांडलेला थेंब न् थेंब पुसून घ्यावा.

कांच धुण्याच्या टांकींतहि साधें पाणी ठेवूं नये. तें नळींतच गोठतें. शून्याखालीं ४० अंशांपर्यंत टिकणारें तयार द्रावण बाजारांत मिळतें. तेंहि विषारीच असतें. बर्फानें झांकलेल्या कांचेवर ऊन पाणी ओतण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. तो टाळावा, एकाएकीं तापल्यानें कांच तडकते. बर्फ खरवडण्याची पट्टी आणि लांब दांड्याचा ब्रश ही तेथील गाडींतील नित्याची सामग्री होय. कांचेवर पाहण्यापुरता झरोका खरवडून निघूं नये. टपावरचा बर्फहि झाडून काढावा. नाहीं तर ब्रेक दाबतांच ती सारी गादी आपल्याच कांचेवर येते, किंवा मागून येणाऱ्याच्या अंगावर उडते.

आतां मिठाकडे येऊं. मिठानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं येतो, म्हणून तें रस्त्यावर टाकतात. परंतु लोखंडाला गंज लागण्याचें काम मिठाच्या पाण्यानें फार वेगानें होतें. समुद्रकांठच्या खाऱ्या वाऱ्यानें खिडकीचे गज कसे खाल्ले जातात, हें मुंबई-रत्नागिरीच्या लोकांना सांगावयास नको. मॉन्ट्रियलची गाडी चार महिने त्या खाऱ्या चिखलांतच वावरत असते. यावर तेथील रूढ उपाय असा, कीं दरवर्षीं शरदांत गाडीच्या पोटाला आणि दारांच्या पोकळ्यांना गंजरोधक तेलाचा फवारा द्यावयाचा. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोंकें असतात. तीं बुजूं देऊं नयेत. पारा शून्याच्या जवळ आला, कीं तेवढा दिवस साधून गाडीचें पोट धुवून घ्यावें. कडक थंडींत मात्र धुऊं नये, कारण दारें जागच्या जागीं गोठून बसतात. दारांच्या रबरांना सिलिकोनचें वंगण आधींच लावून ठेवल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

येथें एक नाजूक प्रश्न उत्पन्न होतो. गाडी खरोखरीच लाडकी असेल, म्हणजे वडिलांनीं वापरलेली, किंवा जिचे भाग आतां मिळत नाहींत अशी जुनी असेल, तर तिला हिवाळ्यांत बाहेर काढावेंच कां? क्वेबेकमधील पुष्कळ शौकीन लोक आपली जुनी गाडी नोव्हेंबरांत निजवतात आणि वसंतांत उठवतात. निजवण्याचाहि एक विधि आहे. जुन्या तेलांत आम्लें सांचलेलीं असतात, म्हणून तेल आधीं बदलावें. टांकी पेट्रोलनें पूर्ण भरून त्यांत पेट्रोल टिकवणारें रसायन घालावें, म्हणजे रिकाम्या जागेंत दंव सांचत नाहीं. बॅटरी काढून घरांत ठेवावी. टायरांत हवा थोडी अधिक भरावी. धुराड्याच्या तोंडांत तारेचा चोथा कोंबावा, म्हणजे उंदीर आंत बिऱ्हाड करीत नाहींत. मात्र तो काढण्याची आठवण देणारी चिठ्ठी चाकावर बांधावी. अधूनमधून पांच मिनिटें इंजिन चालवून पाहण्याची हौस मात्र करूं नये. तेवढ्या वेळांत इंजिन पुरतें तापत नाहीं, आणि धुरांतली वाफ आंतच गोठून गंज वाढवते. निजलेल्याला स्वस्थ निजूं द्यावें.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचें काय, असें कोणी विचारील. थंडींत त्यांचा पल्ला बराच कमी होतो, हें खरें. परंतु म्हणून त्या थंड देशांत चालत नाहींत असें नव्हे. नॉर्वेंत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं दर दहांत जवळ जवळ नऊ विजेच्या होत्या. युक्ति एवढीच, कीं निघण्याआधीं, तार जोडलेली असतांनाच, गाडी आणि तिची बॅटरी तापवून घ्यावी. म्हणजे तापवण्याचा खर्च घरच्या विजेवर पडतो, प्रवासाच्या सांठ्यावर पडत नाहीं.

आतां मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतों. आतांपर्यंत सांगितलेलें चुकलें तर गाडीचें नुकसान होतें, पैसे जातात. ही गोष्ट चुकली तर माणसें जातात. पेट्रोल किंवा डिझेल जाळणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. गाडी बर्फांत अडकली, धुराडें बर्फानें बुजलें, आणि ऊब मिळावी म्हणून आंतील मंडळींनीं कांचा लावून इंजिन चालू ठेवलें, तर हा वायु खालून आंत येतो. डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येते. आणि थकलेल्या माणसाला ती झोंप प्रवासाचीच वाटते. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं बर्फ पाहण्यास गेलेल्या लोकांच्या गाड्या एका रात्रींत बर्फाखालीं अडकल्या आणि वीसहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत मुलेंहि होतीं. थंडीप्रमाणेंच या वायूनेंहि त्यांतील कित्येकांचा बळी घेतला असावा, असें तेव्हां सांगण्यांत आलें. तीं कोणी गिर्यारोहक नव्हतीं. सुटींत बर्फ पाहावयास निघालेलीं साधीं कुटुंबें होतीं.

म्हणून नियम असा. बर्फांत अडकल्यास गाडी सोडून वादळांत चालत सुटूं नये. गाडी हाच आसरा, आणि शोधणाऱ्यांनाहि ती लौकर दिसते. प्रथम खालीं उतरून धुराड्याभोंवतींचा बर्फ उकरून काढावा, आणि बर्फ पडत असेल तोंवर तें पुन्हां पुन्हां करावें. तासांतून दहा मिनिटेंच इंजिन चालवावें, आणि त्या वेळीं ज्या बाजूनें वारा येत नसेल त्या बाजूची कांच थोडी उघडी ठेवावी. सर्वांनीं एकाच वेळीं झोंपूं नये. हाच नियम घरींहि लागूं आहे: घराला जोडलेल्या मोटारघरांत, दार उघडें असलें तरी, गाडी तापवत ठेवूं नये. आजच्या इंजिनाला फार वेळ तापवण्याची गरजहि नाहीं. अर्धें-एक मिनिट थांबून सावकाश निघावें, चालतां चालतांच तें नीट तापतें.

अशा प्रसंगासाठीं गाडींत कांहीं वस्तु कायमच्या ठेवाव्या: लहान फावडें, जाड रजया, विजेरी, बॅटरी जोडण्याच्या तारा, चाकाखालीं टाकण्यासाठीं वाळू, जादा हातमोजे, आणि दूरध्वनीला वीज पुरवण्याचें साधन. पेट्रोलची टांकी निम्म्याखालीं उतरूं देऊं नये. पाण्याची बाटली कांठोकांठ भरूं नये, कारण गोठल्यावर ती फुटते. खाण्यासाठीं काय ठेवावें, याचें उत्तर आपल्या घरांत तयारच आहे. शेंगदाण्याची चिक्की थंडींत बिघडत नाहीं, थोडक्यांत पुष्कळ शक्ति देते, आणि महिनोन्महिने टिकते. आईनें पाठवलेल्या खाऊचा एक पुडा गाडींत ठेवावा, आणि तो वाटेंत सहज फोडून खाऊं नये, एवढें पथ्य मात्र पाळावें.

हिमाचलांत किंवा लडाखांत आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठीं शेवटीं दोन शब्द. आपल्याकडे उन्हाळ्यांत रेडिएटरमध्यें नुसतें पाणी ओतून पुष्कळदां काम भागवलें जातें. निघण्यापूर्वीं तें सर्व काढून योग्य मिश्रण भरून घ्या. कांचेच्या टांकींतील पाणीहि बदला. मैदानी प्रदेशांतील साधें डिझेल कडक थंडींत मेणासारखें दाटतें आणि गाळणी बंद पाडतें. यासाठींच नोव्हेंबर २०१९ मध्यें इंडियन ऑइलनें लडाखसाठीं, शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिवाळी डिझेल काढलें. वर जाण्याआधीं टांकी थोडी रिकामी ठेवून तिकडचेंच डिझेल भरणें शहाणपणाचें. रात्रीं हातब्रेक ओढून ठेवल्यास तो गोठून बसण्याची भीति असते. गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांना दगड लावावे. आणि तेथील पोलिसांनीं पुढें जाऊं नका म्हटलें, तर हुज्जत न घालतां मागें फिरावें. बर्फ पुढच्या वर्षींहि पडणारच आहे.

श्रोतेहो, ही यादी लांबली खरी. परंतु हिशेब केला, तर ही सारी तयारी शरदांतील दोन सुटीच्या दिवसांची आहे. टायर, बॅटरी, तेल, गोठणरोधक मिश्रण, कांचेचें द्रावण, गंजरोधक फवारा आणि मागच्या कप्प्यांतील सामग्री, एवढ्या सात गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्या आणि दसऱ्याला एकेकीवर खूण करावी. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें त्या देशांत आहेत, त्यांना गाडी पुसावयास जातां येत नाहीं; परंतु दर रविवारीं दूरध्वनीवर बोलणें तर होतेंच. जेवलास का, हा प्रश्न आपण विचारतोंच, यंदा दसऱ्याच्या दिवशीं त्यापुढें आणखी एक प्रश्न जोडावा, "टायर बदललेस का?"